क्रिमियाचा प्रश्न

क्रिमियाचा प्रश्न म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरील क्रिमिया द्वीपकल्पाच्या सार्वभौमत्वावरून रशिया व युक्रेन या देशांत चालू असलेला राजकीय व प्रादेशिक वाद होय. इ.स. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले, तेव्हापासून हा वाद कमीअधिक तीव्रतेने धुमसत राहिला. मार्च २०१४ मध्ये रशियाने द्वीपकल्पाचा लष्करी ताबा घेऊन ते रशियन संघराज्यात विलीन केल्याचे जाहीर केले. संयुक्त राष्ट्रांची आमसभा व जगातील बहुसंख्य देश क्रिमियाला आजही युक्रेनचाच भाग मानतात. प्रत्यक्ष प्रशासन मात्र रशियाच्या हाती आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर केलेल्या व्यापक आक्रमणाची पाळेमुळे या प्रश्नापर्यंत पोहोचतात.

या वादात सर्वच पक्ष इतिहासाचा दाखला देतात, परंतु प्रत्येकाचा इतिहास वेगळ्या सालापासून सुरू होतो. रशियन मांडणी १७८३ पासून, युक्रेनची १९५४ व १९९१ पासून, तर द्वीपकल्पाचे जुने रहिवासी असलेल्या क्रिमियन तातारांची मांडणी बहुधा १९४४ पासून सुरू होते. दोन राष्ट्रांतील भांडण म्हणून या प्रश्नाचे वर्णन करताना हा तिसरा पक्ष अनेकदा विसरला जातो.

भौगोलिक स्थान व लोकवस्ती

क्रिमियाचे क्षेत्रफळ सुमारे २७,००० चौरस किलोमीटर आहे. उत्तरेस पेरेकोपची अरुंद संयोगभूमी त्याला युक्रेनच्या मुख्य भूमीशी जोडते; तिची रुंदी केवळ ५ ते ७ किलोमीटर आहे. पूर्वेस कर्चची सामुद्रधुनी क्रिमियाला रशियाच्या तामान द्वीपकल्पापासून वेगळे करते आणि हीच सामुद्रधुनी काळा समुद्र व अझोवचा समुद्र यांना जोडते. रशियाशी क्रिमियाची नैसर्गिक भूसीमा नाही. द्वीपकल्पाचा उत्तर व मध्य भाग सपाट, कोरडा गवताळ प्रदेश आहे, तर दक्षिणेस डोंगररांग व तिच्या पायथ्याशी याल्टासारखी विश्रामस्थळे असलेला उबदार किनारा आहे. नैऋत्य टोकावरील सेव्हास्तोपोल हे खोल पाण्याचे, सुरक्षित बंदर काळ्या समुद्रातील आरमारी हालचालींसाठी अत्यंत मोलाचे मानले जाते.

युक्रेनच्या २००१ च्या जनगणनेनुसार क्रिमिया स्वायत्त प्रजासत्ताकाची लोकसंख्या सुमारे २० लाख होती. तीत रशियन सुमारे ५८ टक्के, युक्रेनियन २४ टक्के आणि क्रिमियन तातार १२ टक्के होते. प्रशासकीयदृष्ट्या वेगळ्या असलेल्या सेव्हास्तोपोल शहरात रशियनांचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. युक्रेनमध्ये रशियन वंशाचे लोक बहुसंख्य असलेला क्रिमिया हा एकमेव प्रदेश होता. मात्र हे बहुमत फार प्राचीन नाही. ते कसे घडले, हा या प्रश्नाच्या इतिहासाचाच भाग आहे.

रशियन साम्राज्याचा काळ

पंधराव्या शतकाच्या मध्यापासून क्रिमियावर तातार खानांची सत्ता होती. बख्चिसराय ही त्यांची राजधानी. ही खानशाही लवकरच ओस्मानी साम्राज्याची मांडलिक बनली. रशिया व ओस्मानी साम्राज्य यांच्यातील युद्धानंतर १७७४ मध्ये झालेल्या तहाने खानशाही नावापुरती स्वतंत्र झाली आणि १७८३ मध्ये सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरिनने जाहीरनामा काढून ती रशियात सामील केली. त्याच वर्षी सेव्हास्तोपोल येथे आरमारी तळाची स्थापना झाली. पुढील शतकभरात तातारांनी मोठ्या संख्येने ओस्मानी प्रदेशात स्थलांतर केले. विशेषतः क्रिमियाच्या युद्धानंतर (१८५३–५६) ही लाट मोठी होती. रिकाम्या झालेल्या जमिनींवर रशियन, युक्रेनियन, जर्मन, बल्गेरियन व ग्रीक वसाहती उभ्या राहिल्या.

रशियन जनमानसात क्रिमियाला असलेले स्थान मुख्यतः सेव्हास्तोपोलच्या दोन वेढ्यांतून घडले. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश, फ्रेंच व ओस्मानी फौजांनी हे शहर सुमारे अकरा महिने वेढले होते. तरुण लिओ टॉलस्टॉय तेथे तोफखान्यात अधिकारी होता व त्या अनुभवावर त्याने सेव्हास्तोपोलविषयीच्या कथा लिहिल्या. दुसरा वेढा १९४१–४२ मध्ये जर्मन सैन्याने घातला. दोन्ही वेळा शहर शेवटी पडले, तरीही रशियन स्मृतीत ते पराभवापेक्षा चिकाटीचे प्रतीक म्हणून राहिले. त्या बचावात युक्रेनियन व अन्य वंशाचे सैनिकही लढले होते, याचा उल्लेख मात्र तुलनेने कमी होतो.

तातारांची हद्दपारी

१९२१ मध्ये सोव्हिएत रशियाच्या अंतर्गत क्रिमियाचे स्वायत्त प्रजासत्ताक स्थापन झाले. आरंभीच्या काळात तातार भाषा व संस्कृतीला त्यात स्थान होते. मे १९४४ मध्ये द्वीपकल्प जर्मनांकडून परत घेतल्यानंतर काही दिवसांतच योसेफ स्टॅलिनच्या आदेशाने संपूर्ण तातार समाजाला जर्मनांशी हातमिळवणी केल्याच्या आरोपावरून हद्दपार करण्यात आले. १८ मेच्या पहाटे सुरू झालेल्या या मोहिमेत अवघ्या तीन दिवसांत सुमारे १ लाख ९० हजार लोकांना मालगाड्यांच्या डब्यांत भरून मुख्यतः उझबेकिस्तानात नेण्यात आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले व वृद्ध होते. लाल सेनेत लढत असलेल्या तातार सैनिकांनाही नंतर सैन्यातून काढून निर्वासनात पाठवले गेले. पहिल्या काही वर्षांत भूक व रोगराईने झालेल्या मृत्यूंच्या अंदाजांत मोठी तफावत आहे. सोव्हिएत नोंदींवर आधारित अंदाज सुमारे एक-पंचमांश लोक दगावल्याचे सांगतात, तर तातार कार्यकर्त्यांनी स्वतः केलेल्या गणनेत हे प्रमाण ४६ टक्के निघाले. जूनमध्ये क्रिमियातील ग्रीक, बल्गेरियन व आर्मेनियन लोकांनाही हलवण्यात आले.

१९४५ मध्ये स्वायत्त प्रजासत्ताक रद्द करून क्रिमियाला रशियाचा साधा प्रांत बनवण्यात आले. शेकडो गावांची तातार नावे पुसून रशियन नावे देण्यात आली. ओस पडलेल्या घरांत रशिया व युक्रेनमधून आलेली कुटुंबे वसवली गेली. १९५९ च्या जनगणनेत क्रिमियातील सुमारे ७१ टक्के लोक रशियन व २२ टक्के युक्रेनियन होते. तातारांची नोंद जवळजवळ नव्हतीच.

१९५४ चे हस्तांतरण

१९ फेब्रुवारी १९५४ रोजी सोव्हिएत संघाच्या सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाने क्रिमिया प्रांत रशियाकडून युक्रेनकडे सोपवण्याचा हुकूम काढला. निकिता ख्रुश्चेव्हने लहरीखातर युक्रेनला क्रिमिया 'भेट' दिला, अशी समजूत रशियात व इतरत्रही रूढ आहे. ती फारशी अचूक नाही. ख्रुश्चेव्ह तेव्हा पक्षाचा प्रथम सचिव असला तरी निर्विवाद सत्ताधीश झालेला नव्हता. प्रस्तावास रशिया व युक्रेन या दोन्ही प्रजासत्ताकांच्या अध्यक्षमंडळांनी संमती दिली होती आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च सोव्हिएतने त्यावर शिक्कामोर्तब केले. हुकुमात समान अर्थव्यवस्था, प्रादेशिक सलगता आणि निकटचे आर्थिक व सांस्कृतिक संबंध ही कारणे दिलेली होती. त्याच वर्षी रशिया व युक्रेन यांच्यातील पेरेयास्लावच्या कराराची ३०० वर्षे साजरी होत होती, हा त्यातील प्रतीकात्मक भाग.

व्यावहारिक कारण अधिक ठोस होते. हद्दपारी व युद्ध यांनी उजाड झालेल्या द्वीपकल्पाची वीज, रेल्वे व रसद युक्रेनमार्गेच येत असे. कोरड्या गवताळ प्रदेशाला पाणी देण्यासाठी द्नीपर नदीवरील काखोव्का जलाशयातून उत्तर क्रिमिया कालवा खोदण्यात आला. सुमारे ४०० किलोमीटर लांबीच्या या कालव्याचे पाणी १९६३ मध्ये क्रिमियात पोहोचले आणि १९७० च्या दशकात द्वीपकल्पाच्या पूर्व टोकापर्यंत गेले. क्रिमियाच्या गोड्या पाण्याच्या गरजेपैकी सुमारे ८५ टक्के भाग या एका कालव्यातून भागू लागला.

रहिवाशांचे मत मात्र कोणीच विचारले नाही. त्या काळी प्रजासत्ताकांच्या सीमा प्रशासकीय स्वरूपाच्या होत्या, त्यामुळे फारसा विरोधही झाला नाही. अध्यक्षमंडळाला असा अधिकारच नव्हता, तसेच १९४८ मध्ये वेगळे केलेले सेव्हास्तोपोल या हुकुमात येतच नव्हते, असे आक्षेप रशियन राष्ट्रवाद्यांनी पुढे घेतले. सोव्हिएत युक्रेनच्या १९७८ च्या संविधानात मात्र सेव्हास्तोपोलची नोंद स्पष्टपणे आढळते.

सोव्हिएत विघटनानंतर

जानेवारी १९९१ मध्ये झालेल्या मतदानात क्रिमियातील सुमारे ९३ टक्के मतदारांनी स्वायत्त प्रजासत्ताकाच्या पुनर्स्थापनेला कौल दिला. १ डिसेंबर १९९१ रोजी युक्रेनच्या स्वातंत्र्यावर सार्वमत झाले. देशभरात ९० टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. क्रिमियात हे प्रमाण ५४ टक्के, तर सेव्हास्तोपोलमध्ये ५७ टक्के होते. हे बहुमत निसटते असले तरी ते बहुमत होते, यावर युक्रेन भर देतो.

मे १९९२ मध्ये क्रिमियाच्या संसदेने स्वातंत्र्याची घोषणा केली व नंतर ती मागे घेतली. त्याच महिन्यात रशियाच्या सर्वोच्च सोव्हिएतने १९५४ चे हस्तांतरण अवैध ठरवले. जुलै १९९३ मध्ये तिने सेव्हास्तोपोल रशियन शहर असल्याचा ठराव केला, परंतु अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी तो स्वीकारला नाही आणि सुरक्षा परिषदेने युक्रेनच्या प्रादेशिक अखंडतेला दुजोरा दिला. १९९४ मध्ये रशियावादी यूरी मेश्कोव्ह क्रिमियाचे अध्यक्ष निवडून आले. पुढच्याच वर्षी युक्रेनच्या संसदेने ते पदच रद्द केले. या साऱ्या काळात रक्तपात टळला, ही बाब त्याच सुमारास मोल्दोव्हा, जॉर्जिया व चेचेन्यात पेटलेल्या युद्धांच्या पार्श्वभूमीवर उल्लेखनीय ठरते.

वादावर पडदा पडल्याचे वाटावे असे दस्तऐवज याच दशकात झाले. ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट मसुद्यानुसार युक्रेनने आपल्या भूमीवरील सोव्हिएत अण्वस्त्रांचा त्याग केला. हा साठा तेव्हा जगात तिसऱ्या क्रमांकाचा होता, जरी तो वापरण्याचे नियंत्रण मॉस्कोकडे होते. त्याबदल्यात रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे वचन दिले. इंग्रजी मसुद्यात यासाठी 'आश्वासन' या अर्थाचा शब्द आहे, तर युक्रेनियन व रशियन मसुद्यांत 'हमी' या अर्थाचा. वचनभंग झाल्यास काय करावयाचे, याची बंधनकारक तरतूद मात्र त्यात नव्हती.

१९९७ मध्ये काळ्या समुद्रातील आरमाराची वाटणी झाली. रशियाला सुमारे ८२ टक्के व युक्रेनला १८ टक्के जहाजे मिळाली आणि सेव्हास्तोपोलचा तळ रशियाला २०१७ पर्यंत भाडेपट्ट्याने देण्यात आला. त्याच वर्षीच्या मैत्री करारात उभय देशांनी परस्परांच्या सीमा मान्य केल्या. अध्यक्ष व्हिक्टर यानुकोविच यांच्या काळात, एप्रिल २०१० मध्ये, नैसर्गिक वायूच्या दरातील सवलतीच्या मोबदल्यात भाडेपट्टा २०४२ पर्यंत वाढवण्यात आला. तेव्हा कीव्हच्या संसदेत अंडी व धुराची नळकांडी फेकली गेली.

२०१४ चा ताबा

कीव्हमधील दीर्घ निदर्शने व त्यांतील रक्तपातानंतर यानुकोविच यांनी २१ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री राजधानी सोडली. २७ फेब्रुवारीच्या पहाटे कोणतेही लष्करी चिन्ह न लावलेल्या सशस्त्र लोकांनी सिंफेरोपोल येथील क्रिमियाच्या संसदेचा ताबा घेतला. इमारत त्यांच्या वेढ्यात असतानाच झालेल्या बैठकीत सेर्गेई अक्स्योनोव्ह यांची पंतप्रधानपदी निवड झाली. त्यांच्या पक्षाकडे शंभरांपैकी केवळ तीन जागा होत्या. विमानतळ, चौक्या व युक्रेनियन लष्करी तळ एकापाठोपाठ एक घेरले गेले. ते सैनिक रशियन नसल्याचे रशियाचे अध्यक्ष व्लादिमिर पुतिन यांनी प्रारंभी सांगितले. एप्रिलमध्ये त्यांनी रशियन सैन्याचा सहभाग मान्य केला.

सार्वमताची तारीख प्रथम २५ मे, मग ३० मार्च व शेवटी १६ मार्च अशी अलीकडे आणण्यात आली. मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते: रशियात विलीनीकरण, किंवा १९९२ च्या संविधानाची पुनर्स्थापना. आहे ती स्थिती कायम ठेवण्याचा पर्याय नव्हता. अधिकृत निकालानुसार ८३ टक्के मतदान होऊन सुमारे ९७ टक्के मते विलीनीकरणाला मिळाली. तातारांच्या मेज्लिस या प्रातिनिधिक संस्थेने बहिष्कार घातला होता. फेब्रुवारी २०१४ मधील कीव्ह आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संस्थेच्या पाहणीत क्रिमियातील ४१ टक्के लोकांनी रशिया व युक्रेनच्या एकीकरणाला पसंती दिली होती. ताब्यानंतरच्या अनेक पाहण्यांत विलीनीकरणाला बहुमताचा पाठिंबा दिसून आला. विरोधी मत उघड मांडणे धोक्याचे झालेल्या प्रदेशात या आकड्यांचा अर्थ काय लावावा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. १८ मार्च रोजी विलीनीकरणाच्या करारावर मॉस्कोत सह्या झाल्या.

सुरक्षा परिषदेतील निषेधाचा मसुदा रशियाने नकाराधिकाराने रोखला होता. २७ मार्च रोजी आमसभेने ६८/२६२ क्रमांकाचा ठराव १०० विरुद्ध ११ मतांनी संमत करून सार्वमत निरर्थक ठरवले. ५८ देश तटस्थ राहिले. त्यांत भारत व चीन होते.

कायदेशीर युक्तिवाद

रशियाची बाजू तीन मुद्द्यांवर उभी आहे: क्रिमियाच्या जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क, कीव्हमधील सत्तांतर घटनाबाह्य असल्याचा दावा आणि कोसोव्होचा दाखला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये कोसोव्होची स्वातंत्र्यघोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करीत नाही असे मत दिले होते. परंतु त्याच मतात, बळाच्या बेकायदा वापराशी निगडित असलेल्या घोषणा अवैध ठरू शकतात, असेही न्यायालयाने म्हटले आहे आणि क्रिमियाबाबत नेमका हाच मुद्दा कळीचा आहे. शिवाय कोसोव्हो अन्य कोणत्याही देशात विलीन झाला नाही.

युक्रेन संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील बळवापराच्या बंदीवर, १९९४ व १९९७ च्या दस्तऐवजांवर आणि स्वतःच्या संविधानातील ७३ व्या कलमावर बोट ठेवतो. या कलमानुसार देशाच्या भूभागातील बदलाचा निर्णय केवळ अखिल युक्रेनच्या सार्वमतानेच होऊ शकतो. सार्वभौमत्वाच्या मूळ प्रश्नावर कोणत्याही आंतरराष्ट्रीय न्यायपीठाने थेट निवाडा दिलेला नाही. समुद्री हक्कांविषयीच्या खटल्यात लवाद न्यायाधिकरणाने २०२० मध्ये हा प्रश्न आपल्या अधिकारक्षेत्राबाहेर असल्याचे सांगितले.

पाणी आणि पूल

एप्रिल २०१४ मध्ये युक्रेनने उत्तर क्रिमिया कालव्याचे पाणी अडवले. भातशेती बंद पडली, सिंचनाखालील क्षेत्र कमालीचे घटले व २०२० च्या दुष्काळात सिंफेरोपोलमध्ये नळाचे पाणी ठरावीक तासांपुरते मिळू लागले. रशियाने याला नागरिकांविरुद्धचे कृत्य म्हटले. ताबा घेणाऱ्या सत्तेनेच रहिवाशांची सोय पाहावी, असे युक्रेनचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२२ मधील आक्रमणात रशियन फौजा अगदी सुरुवातीलाच कालव्यापर्यंत पोहोचल्या व त्यांनी बांध उडवून पाणी पुन्हा सुरू केले. ६ जून २०२३ रोजी रशियन ताब्यातील काखोव्का धरण फुटून जलाशय रिकामा झाला आणि कालव्याचा उगमच कोरडा पडला. धरणफुटीचा दोष दोन्ही देश एकमेकांवर ठेवतात.

भूमार्ग नसल्याची उणीव भरून काढण्यासाठी रशियाने कर्चच्या सामुद्रधुनीवर सुमारे १९ किलोमीटर लांबीचा पूल बांधला. त्यावरील रस्ता मे २०१८ मध्ये व रेल्वेमार्ग २०१९ च्या अखेरीस खुला झाला. पुलाखालील उंची ३५ मीटर असल्याने मोठ्या जहाजांना मारिउपोलसारख्या अझोवच्या बंदरांकडे जाणे अशक्य झाले. २५ नोव्हेंबर २०१८ रोजी तेथे रशियाने युक्रेनची तीन आरमारी जहाजे व त्यांवरील २४ खलाशी पकडले. त्यांना सोडण्याचा आदेश आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये दिला. खलाशी सप्टेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत परतले.

क्रिमियन तातारांची स्थिती

तातारांना सामूहिक परतीची मुभा १९८९ मध्ये मिळाली आणि पुढील काही वर्षांत सुमारे अडीच लाख लोक परतले. जुन्या घरांत आता इतर कुटुंबे राहत होती. अनेकांनी मोकळ्या जमिनीवर विनापरवाना वस्त्या उभारल्या. युक्रेनच्या काळातही जमीन, नागरिकत्व व मातृभाषेतील शिक्षण यांबाबत त्यांच्या तक्रारी होत्या आणि त्यांना मूळनिवासी म्हणून मान्यता देण्यास कीव्हने २०१४ पर्यंत वेळ लावला.

रशियन ताब्यानंतर ज्येष्ठ नेते मुस्तफा जेमिलेव्ह यांना क्रिमियात प्रवेश नाकारण्यात आला. २०१६ मध्ये मेज्लिसवर 'अतिरेकी' संघटना म्हणून बंदी आली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१७ मध्ये ही बंदी उठवण्यास सांगितले, तरी ती कायम राहिली. जानेवारी २०२४ मधील निकालात न्यायालयाने हा आदेश मोडल्याबद्दल, तसेच युक्रेनियन भाषेतील शिक्षणाबाबत रशियाला दोषी धरले; युक्रेनचे इतर बहुतेक आरोप त्याने फेटाळले. जून २०२४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने क्रिमियात मानवी हक्कांचे पद्धतशीर उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष काढला. १९४४ ची हद्दपारी हा वंशसंहार असल्याचा ठराव युक्रेनच्या संसदेने २०१५ मध्ये केला आहे.

२०२२ नंतर

व्यापक आक्रमणात दक्षिण युक्रेनवर झालेल्या चढाईसाठी क्रिमिया हाच तळ होता. रशियाने खेरसन व झापोरिझ्झिया प्रांतांचा मोठा भाग जिंकून द्वीपकल्पाला प्रथमच जमिनीवरून रशियाशी जोडले. सप्टेंबर २०२२ मध्ये हे दोन व दोनेत्स्क, लुहान्स्क असे चार प्रांत विलीन केल्याची घोषणाही झाली; आमसभेने ती १४३ विरुद्ध ५ मतांनी अमान्य केली. याही वेळी भारत तटस्थ राहिला. दुसरीकडे, २०१४ मध्ये जवळजवळ प्रतिकाराविना गेलेला क्रिमिया आता युद्धक्षेत्र बनला. एप्रिल २०२२ मध्ये 'मोस्क्वा' ही ध्वजनौका बुडाली, ऑक्टोबर २०२२ व जुलै २०२३ मध्ये कर्चच्या पुलावर स्फोट झाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सेव्हास्तोपोलमधील आरमाराच्या मुख्यालयावर क्षेपणास्त्रे पडली. रशियाने अनेक जहाजे पूर्वेकडील नोव्होरोसीस्क बंदरात हलवली. ज्या तळासाठी द्वीपकल्प घेतले गेले, त्याचेच महत्त्व त्यामुळे घटले.

मार्च २०२२ मधील इस्तंबूल येथील वाटाघाटींत क्रिमियाच्या दर्जावर १५ वर्षे द्विपक्षीय चर्चा करण्याचा व तोवर बळाचा वापर टाळण्याचा प्रस्ताव पुढे आला होता, पण करार झाला नाही. २०२५ मधील अमेरिकेच्या मध्यस्थीच्या काळात क्रिमियावरील रशियाचे सार्वभौमत्व मान्य करण्याची कल्पना चर्चेत आली, तेव्हा युक्रेनचे अध्यक्ष व्होलोदिमिर झेलेन्स्की यांनी ती संविधानाविरुद्ध असल्याचे सांगून नाकारली. युक्रेनच्या संविधानात क्रिमियाचा उल्लेख देशाचा अविभाज्य भाग म्हणून आहे, तर रशियाने २०२० मध्ये केलेल्या घटनादुरुस्तीने देशाचा कोणताही भूभाग सोडण्याच्या हेतूने केलेल्या कृतींस मनाई केली आहे.